पहिल्या अक्षराची भाषा

लहान मुलास प्रथम कोणत्या भाषेंत वाचावयास शिकवावें, हा प्रश्न वरवर पाहतां शिक्षणशास्त्राचा दिसतो. आणि तो शास्त्रज्ञांवर सोंपवून आपण मोकळें व्हावें असें सामान्य गृहस्थास वाटणें साहजिक आहे. परंतु शास्त्राचें उत्तर मिळून आतां पुष्कळ वर्षें झालीं. युनेस्को ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत मुलाच्या शिक्षणास मातृभाषेंतूनच आरंभ व्हावा, असें स्पष्ट सांगितलें. आपल्या राज्यघटनेंत १९५६ सालच्या सातव्या दुरुस्तीनें ३५० अ हें कलम घातलें गेलें, त्याचा रोख हाच आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंहि, शक्य तेथें निदान पांचव्या इयत्तेपर्यंत घरची भाषाच माध्यम असावी, अशी शिफारस केली. इतकें असूनहि आमच्या सातारा-सांगली जिल्ह्यांतील कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं सकाळीं रस्त्याच्या कडेला उभें राहावें, म्हणजे गळ्याला टाय बांधलेलीं चार-चार वर्षांचीं मुलें पिवळ्या गाड्यांतून इंग्रजी शाळांकडे जातांना दिसतात. उत्तर सर्वांस ठाऊक आहे आणि तें बहुतेक कोणी आचरीत नाहीं, अशी स्थिति आली म्हणजे तो प्रश्न शास्त्राचा राहत नाहीं. तो नीतीचा होतो.

नीतीचा म्हणण्याचें कारण असें कीं, येथें निर्णय एकाचा आणि परिणाम दुसऱ्याचा आहे. अज्ञान वारसाच्या मिळकतीवर जो पालनकर्ता नेमलेला असतो त्यास कायदा हिशेब विचारतो. मिळकत गहाण टाकावयाची तर तें वारसाच्या हिताचें आहे हें त्यास न्यायाधीशापुढें दाखवून द्यावें लागतें. पांच वर्षांच्या मुलाजवळ स्वकष्टार्जित अशी एकच मिळकत असते, व ती म्हणजे त्याचें बोलणें. शेंकडों शब्द, त्यांचीं लिंगें व वचनें, क्रियापदांचीं रूपें, रागाचा सूर, लाडाचा सूर, थट्टेचा सूर हें सारें त्यानें कोणत्याहि शिकवणीवांचून कमावलेलें असतें. शाळेच्या पहिल्या दिवशीं हें भांडवल जमेस धरावयाचें कीं बुडीत खातीं लिहावयाचें, हें आईबाप ठरवितात. त्यांस मात्र कोणी हिशेब विचारीत नाहीं. मूलहि पुढें तक्रार करीत नाहीं. जें आपणांस मिळालेंच नाहीं त्याची उणीव त्याला कळावी तरी कशी?

येथें प्रथम वाचणें म्हणजे काय ह्याचा थोडा विचार केला पाहिजे; कारण त्याविषयीं आपल्या समाजांत एक जुनी समजूत घर करून बसली आहे. पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर ओनामा गिरविणाऱ्या मुलास अर्थ कळावा अशी कोणाचीच अपेक्षा नसे. संस्कृत स्तोत्र अस्खलित म्हणणाऱ्या मुलाच्या पाठीवर आपण पिढ्यान् पिढ्या शाबासकी देत आलों. स्तोत्राच्या बाबतींत त्यांत कांहीं वावगें नाहीं. स्तोत्राचें काम नादानेंहि होतें. परंतु तीच दृष्टि घेऊन आपण इंग्रजी वाचनाकडे पाहूं लागलों आहों. आमच्या एका परिचितांच्या घरीं त्यांच्या दुसरींतील मुलानें आम्हांस आपल्या इंग्रजी वाचनाच्या पुस्तकांतील एक पान न अडखळतां वाचून दाखविलें. आईबापांचे डोळे आनंदानें भरून आले. आम्हीं मुलास सहज मराठींत विचारलें, ‘मग त्या मुलीचें पुढें काय झालें?’ त्यानें थोडा वेळ आमच्याकडे पाहिलें आणि मग पुस्तक उलटें धरून चित्र न्याहाळूं लागला. मुलगा हुशार होता. गोष्ट चित्रांतून काढावी लागते, एवढें त्यानें बरोबर ताडलें होतें. अक्षरांतूनहि ती निघते ह्याचा त्याला अनुभवच आलेला नव्हता.

देवनागरी लिपि ह्या बाबतींत मोठी उपकारक आहे. इंग्रजीप्रमाणें एकाच अक्षरसमूहाचे चार उच्चार तींत नाहींत. एकदां बाराखडी हातीं आली कीं कोणताहि शब्द मोठ्यानें म्हणतां येतो. पण ही बाराखडी हातीं येणें हेंच बिकट काम आहे. ऱ्हस्व इकार लिहावयाचा अक्षराच्या आधीं आणि उच्चारावयाचा नंतर. रफार उच्चारावयाचा आधीं आणि बसवावयाचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षरांत तर अर्धें अक्षर कोणतें आणि पुरें कोणतें ह्याचाच गोंधळ. मग मूल ह्या खांचखळग्यांतून पार कसें पडतें? तें वाचतांना नीट लक्ष देऊन ऐकावें. ‘म… मि… मिर… मिरची!’ शेवटच्या उद्गाराबरोबर त्याचा चेहरा उजळतो. शब्द सुटला, तो केवळ अक्षरांच्या बळावर नव्हे. मिरची हा शब्द त्याच्या कानांत आणि जिभेवर आधींच होता. अर्ध्या वाटेवर तो भेटावयास आला. आपण बरोबर वाचलें हें त्याला गुरुजींनीं सांगावें लागलें नाहीं, त्या शब्दानेंच सांगितलें. आतां तोच प्रयत्न त्यानें न ऐकलेल्या शब्दावर केला तर काय होईल? शेवटीं जो आवाज निघेल तो बरोबर कीं चूक हें ठरविण्यास त्याच्याजवळ साधनच नाहीं; त्यानें गुरुजींच्या तोंडाकडे पाहावें, एवढेंच त्याच्या हातीं उरतें. स्वतःच्या वाचण्याची परीक्षा स्वतः करण्याची सवय मुलास पहिल्याच वर्षीं लागावी कीं न लागावी, हा आमच्या मतें ह्या वादाचा गाभा आहे. भाषाभिमान, संस्कृति, राष्ट्र इत्यादि गोष्टी त्यानंतरच्या.

वाद मात्र जुना आहे. मुंबई इलाख्यांत १८४० सालीं शिक्षणमंडळ स्थापन झालें आणि थोड्याच वर्षांत त्यांत दोन तट पडले. सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर होता. मराठींत गणिताचीं पुस्तकें तयार करविणारे कर्नल जर्व्हिस आणि त्यांच्या बाजूनें जगन्नाथ शंकरशेट यांचें म्हणणें असें कीं, लोकांना ज्ञान द्यावयाचें तर तें लोकांच्याच भाषेंत दिलें पाहिजे. १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यानें तडजोड केली. खालचें शिक्षण देशी भाषेंतून व वरचें इंग्रजींतून, असा तिचा मथितार्थ. कागदावर ही तडजोड शहाणपणाची होती. प्रत्यक्षांत मराठी ही थांबणाऱ्यांची भाषा ठरली आणि इंग्रजी पुढें जाणाऱ्यांची. ज्यांना चौथींत शाळा सोडून औत धरावयाचें त्यांना मराठी पुरे, आणि कचेरींत खुर्ची मिळवावयाची त्यांना इंग्रजी, ही वांटणी लोकांच्या मनांत इतकी खोल रुजली कीं आजहि मजूर बाप मुलाला इंग्रजी शाळेंत घालतांना तीच वांटणी आपल्या परीनें उलटवूं पाहत असतो.

म्हणूनच ह्या विषयांत सर्वांत बळकट आक्षेप येतो तो विद्वानांकडून नव्हे. ‘तुम्ही तूपरोटी खाल्ली, आणि आम्हांला भाकरीचे गुण सांगतां,’ असें तो बाप म्हणतो. ह्या आक्षेपाला मोठी परंपरा आहे. सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनीं १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ ह्या संग्रहांत इंग्रजीला माउली म्हटलें, तें कांहीं परकीयांची खुशामत म्हणून नव्हे. ज्या भाषेंत शतकानुशतकें त्यांच्या लोकांना ‘लांब उभें राहा’ असेंच ऐकवलें गेलें, त्या भाषेपेक्षां परकी भाषेंत त्यांना अधिक मोकळा श्वास घेतां आला. जोतीराव फुल्यांचें मूळ घराणें खटाव तालुक्यांतील कटगुणचें. त्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत बारा वर्षांपर्यंतचें शिक्षण सक्तीचें करा, अशी मागणी केली आणि त्या शिक्षणांत मोडी व बालबोध लिहिणें-वाचणें आधीं घातलें. दोघांच्या म्हणण्यांत विरोध आहे असें कोणास वाटल्यास त्यानें पुन्हां विचार करावा. बालबोध आधीं आणि इंग्रजीहि हवी, असें त्यांचें सरळ म्हणणें होतें; दोहोंपैकीं एकच घ्या, हा पेंच मागाहून आला.

मातृभाषेच्या नांवाखालीं अन्यायहि होऊं शकतो, हें दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासावरून उघड होतें. तेथील झोसा लोकांची भाषा मिशनऱ्यांनीं १८२३ सालापासून छापावयास आरंभ केला. टाळूवर व दांतांवर जीभ आपटून होणाऱ्या तिच्या विलक्षण ध्वनींना त्यांनीं रोमन लिपींतील अडगळींत पडलेलीं अक्षरें दिलीं. पुढें १९५३ सालीं गोऱ्या सरकारनें बांटू शिक्षणाचा कायदा केला आणि काळ्या मुलांचें शिक्षण पहिलीं आठ वर्षें त्यांच्या मातृभाषेंतूनच व्हावें, असें धोरण लादलें. तत्त्व तेंच, युनेस्कोच्या अहवालाचें, सालहि तेंच. परंतु हेतु असा कीं ह्या मुलांनीं मजुरीच्या पलीकडे डोकें वर काढूं नये. १९७६ च्या जून महिन्यांत सोवेटोचीं मुलें रस्त्यावर आलीं व त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हां निमित्त आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीचें होतें. पण सरकार ज्या शिक्षणाला ‘तुमच्यासाठीं योग्य’ म्हणतें त्याचा अविश्वास त्यांच्यांत आधींच भिनलेला होता. तेव्हांपासून तेथील आईबापांस मातृभाषेची शाळा म्हणजे कोंडवाडा वाटूं लागला असल्यास त्यांना दोष कोणी द्यावा?

ह्या उदाहरणावरून कांहीं लोक असा निष्कर्ष काढतात कीं गरिबांच्या मुलांनाहि पहिल्या दिवसापासून इंग्रजीच द्यावी. येथें दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. मुलाला शेवटीं कोणती भाषा यावी, हा एक प्रश्न. आणि त्यानें वाचण्याची कला कोणत्या भाषेवर शिकावी, हा दुसरा. इंग्रजी आली पाहिजे हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. इंग्रजींत शिकून, इंग्रजींत शिकवून ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं तरी तें नाकारूं नये. परंतु वाचावयास मनुष्य एकदांच शिकतो. मराठींत ती कला साधली कीं इंग्रजी अक्षरें हीं केवळ नवीं अक्षरें होतात. वाचणें म्हणजे काय हें पुन्हां शिकावें लागत नाहीं. आपल्या आजोबांच्या पिढीची रीत हीच होती. मराठी इयत्ता आधीं संपवावयाच्या आणि मग ‘इंग्रजी पहिली’. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत भीमराव नांवाच्या एका मुलाचें नांव दाखल झालें, तें ह्याच इंग्रजी पहिलींत. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर हेहि ह्याच क्रमानें शिकले. डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजींत उशिरा आरंभ केल्याचा डाग आजवर कोणास सांपडलेला नाहीं.

मात्र मातृभाषेचें नांव घेतलें कीं सर्व साधलें, असेंहि नाहीं. आणि आमच्या पक्षाच्या लोकांनीं हें अधिक प्रामाणिकपणें बोलावयास हवें. दक्षिण आफ्रिकेंत पहिल्या तीन इयत्तांत आज बहुसंख्य मुलें घरच्याच भाषेंत शिकतात व चौथींत इंग्रजीकडे वळतात. तरीहि आंतरराष्ट्रीय पाहणींत चौथींतील ज्या मुलांना वाचलेल्याचा अर्थ लागत नाहीं त्यांचें प्रमाण २०१६ सालीं शेंकडा ७८ व २०२१ सालीं शेंकडा ८१ भरलें. गोष्टींचीं पुस्तकें नाहींत, वर्गांत गर्दी, आणि शिकविण्याच्या पद्धति इंग्रजीवरून उचललेल्या. झोसा भाषेंत ‘मी तुझ्यावर प्रेम करतों’ एवढें सारें ‘न्दियाकुथान्दा’ ह्या एका शब्दांत येतें. इंग्रजीचे आंखूड शब्द जसे नजरेनें ओळखावयास लावतात तसे हे लांबलचक शब्द लावून चालत नाहींत. शिवाय कला नुकती हातीं येऊं लागते न लागते तोंच चौथींत भाषा बदलते. २०२५ सालीं तेथील सरकारनें चौथींतहि इंग्रजीबरोबर घरची भाषा चालूं ठेवण्यास आरंभ केला, तो ह्याच अनुभवानें. आपल्याकडील मराठी शाळेंतहि पहिलींत ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंतची सबंध वर्णमाला घोकून झाल्यावांचून एक शब्द वाचावयाचा नाहीं, असा परिपाठ जेथें असेल तेथें भाषा मुलाची असूनहि वाचन त्याचें होत नाहीं.

आणि ‘मुलाची भाषा मराठी’ हें तरी कितपत खरें? माण, खटाव, आटपाडी ह्या भागांतील मूल घरीं ‘पानी’ म्हणतें, ‘लई’ म्हणतें, ‘न्हाई’ म्हणतें. आमच्याकडील कित्येक घरांत आई स्वतःविषयीं ‘मी आलो’ असेंच बोलते. शाळेच्या पहिल्या दिवशीं हें सारें ‘अशुद्ध’ ठरतें. शुद्ध-अशुद्धाचा हा निवाडा करणारे बहुधा आमच्यासारखेच पांढरपेशे. भाषाशास्त्र ह्या शब्दांचा विधिनिषेध जाणत नाहीं. ह्याच माणदेशी बोलीच्या कानानें व्यंकटेश माडगूळकरांनीं ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालीं लिहिलीं आणि मराठी वाचकानें तीं डोक्यावर घेतलीं. पुस्तकांत कौतुक आणि वर्गांत छडी, असा हा आपला न्याय आहे.

ह्या संबंधांत फलटणचें एक उदाहरण सांगावेसें वाटतें. डॉ. मॅक्सीन बर्नसन ह्या अमेरिकेंत जन्मलेल्या विदुषी मराठी शिकल्या, फलटणला येऊन राहिल्या, आणि त्या गांवांतील निरनिराळ्या थरांतले लोक कसे बोलतात ह्यावर १९७३ सालीं त्यांनीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठासाठीं प्रबंध लिहिला. एवढ्यावर थांबल्या असत्या तर विद्वान् म्हणून त्यांचें नांव राहिलेंच असतें. परंतु शाळेंत जाऊनहि वाचतां न येणारीं वस्तींतलीं मुलें त्यांच्या नजरेस पडलीं आणि त्यांनीं त्यांचे वर्ग घ्यावयास आरंभ केला. त्यांतून १९८४ सालीं प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ सालीं कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. शाळा मराठी माध्यमाची. परदेशांतून आलेली बाई मराठी शाळा काढते आणि त्याच काळांत मराठी सुशिक्षित इंग्रजी शाळेच्या दारांत प्रवेशअर्जासाठीं रांग लावतो, ह्या विरोधाभासावर पुष्कळ लिहितां येईल; तो मोह आवरतों. मुलाच्या बोलण्याचा शास्त्रीय अभ्यास आधीं झाला आणि शिकविणें त्यांतून निघालें, हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मुलाला त्याचा शब्द प्रथम लिहून द्यावा, त्यानें तो वाचावा, आणि मग ‘पुस्तकांत हा असाहि लिहितात’ असें सांगावें. ‘चूक’ हा शब्द त्या वर्षापुरता तरी बाजूस ठेवावा. ह्यानें प्रमाणभाषा बिघडेल अशी भीति कित्येकांस वाटते. घरांत पायजमा घालणारा मनुष्य लग्नाला धोतर नेसूं शकतो, तर मुलाला दोन तऱ्हांचें बोलणें साधणार नाहीं असें आपण कां समजावें?

आतां आईबापांच्या हक्काकडे वळूं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें मे २०१४ मध्यें कर्नाटकच्या प्रकरणांत निर्णय दिला कीं, प्राथमिक शिक्षणाचें माध्यम मातृभाषाच असावें अशी सक्ति सरकारला करतां येत नाहीं, निवड पालकांची. कायदा म्हणून हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. आफ्रिकेचें उदाहरण डोळ्यांपुढें असतां सरकारच्या हातीं तो दंड द्यावा असें कोण म्हणेल? पण हक्क आहे म्हणून प्रत्येक निवड चांगलीच होते असें नाहीं. २०२५ च्या एप्रिलमध्यें महाराष्ट्र सरकारनें पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय काढला, आणि महाराष्ट्रांत इतकी खळबळ उडाली कीं जूनच्या अखेरीस तो मागें घ्यावा लागला. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचें ओझें घालूं नये, ही भूमिका आमचीहि होती. मात्र त्या सभांत तावातावानें बोलणाऱ्या कित्येक गृहस्थांचीं नातवंडें तीन वर्षांच्या वयापासून घरांत कोणी न बोलणाऱ्या भाषेंत अक्षरें गिरवीत होतीं. तीन वर्षांच्या मुलाला एक परकी भाषा सोसते आणि सहा वर्षांच्या मुलाला दुसरी सोसत नाहीं, हें कोणत्या न्यायानें? आदल्याच वर्षीं, ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां पेढे वांटणाऱ्यांतहि हे होतेच.

सुशिक्षित कुटुंबांवर येथें जी जबाबदारी येते ती त्यांच्या स्वतःच्या मुलांपुरती नाहीं. सुखवस्तु घरांतील मूल इंग्रजी शाळेंतूनहि बहुधा तरून जातें. घरीं पुस्तकें असतात, आई झोपतांना मराठींत गोष्ट सांगते, शिकवणीला पैसे असतात. शाळेनें जें हिरावलें तें घर थोडेंबहुत भरून देतें. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलाला हें घर नाहीं. तो शेजाऱ्याचें पाहून गल्लींतील स्वस्त इंग्रजी शाळेंत जातो, जेथें मास्तरीणबाईंनाहि इंग्रजी बेताचीच येते, आणि चौथीपर्यंत त्याला ना ती भाषा वाचतां येते ना ही. उदाहरण आपण घालून दिलें, किंमत त्यानें मोजली. दुसरी गोष्ट. गांवांतील मराठी शाळेंतून डॉक्टरांचा, वकिलांचा, प्राध्यापकांचा मुलगा निघून गेला त्या दिवशीं त्या शाळेंतून प्रश्न विचारणारा पालकहि निघून गेला. गोष्टींच्या पुस्तकांचें कपाट कुलूपबंद कां, पहिलीच्या वर्गावर सहा महिने शिक्षक कां नाहीं, हें आतां कोण विचारणार? पुढें पटसंख्या घसरते, ती टिकविण्यासाठीं जिल्हा परिषदेची शाळाहि ‘सेमी-इंग्रजी’ची पाटी लावते, आणि मग आपणच म्हणतों कीं, मराठी शाळा चांगल्या राहिल्या नाहींत हो, नाहींतर घातला असता.

ह्या तत्त्वाची खरी कसोटी मात्र पुण्या-मुंबईंत नसून आमच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोंकाला, जत तालुक्यांत आहे. डफळ्यांचें हें जुनें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, पुढच्याच वर्षीं बनलेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलें, आणि १९६० सालीं त्या जिल्ह्याचें नांव सांगली झालें. तालुक्याच्या अनेक गांवांत घरची भाषा कन्नड आहे. येथें मोठी भाषा, सरकारची भाषा, नोकरीची भाषा मराठी. म्हणजे इंग्रजीच्या जागीं आपण आहों. १९६७ सालच्या महाजन अहवालानें ह्या भागांतील गांवें म्हैसूरकडे द्यावींत असें सुचविलें होतें, आणि २०२२ च्या अखेरीसहि ह्या गांवांवरून दोन राज्यांत शब्दाशब्दी झाली. त्यामुळें येथें कन्नड शाळेविषयीं बोलणें म्हणजे सीमेविषयीं बोलणें, असा अर्थ लगेच केला जातो. परंतु बेळगांवच्या मराठी मुलाला मराठी शाळा मिळावी ह्यासाठीं आपण जो युक्तिवाद करतों, तो उमदीच्या कन्नड मुलाच्या बाबतींत एक अक्षरहि न बदलतां केला पाहिजे. न केल्यास तो युक्तिवाद नव्हता, केवळ पक्षाभिमान होता.

जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा तेथें आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तरी तेथील बापापुढचा पेंच खोटा नाहीं. मुलगा कन्नडांत शिकला, तर पुढें सांगलीच्या कचेरींत अर्ज कसा लिहील? मराठींत घातला, तर पहिलीं दोन वर्षें नुसता बसून राहील. ह्या पेंचाकडे पाहतांना आम्हांस विट्या-आटपाडीकडच्या गलाई करणाऱ्यांची आठवण होते. सोन्याचांदीच्या गलाईसाठीं ही मंडळी पिढ्यान् पिढ्या केरळपासून बंगालपर्यंत पसरलीं. त्यांचीं मुलें तमिळ किंवा मल्याळी अक्षरें शिकतात, घरीं मराठी बोलतात, आणि गांवच्या जत्रेला आलीं म्हणजे देवळावरची पाटी वाचतांना अडखळतात. त्यांच्या आयांनीं मुलांना मराठी अक्षरें कोणी शिकवावींत म्हणून केलेली खटपट ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना जतच्या कन्नड आईची तळमळ निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं.

सुदैवानें जतचा पेंच बराचसा सुटण्याजोगा आहे. कन्नड व देवनागरी ह्या लिपि दिसावयास निराळ्या, पण त्यांचा सांगाडा एक. ‘क ख ग घ’चा क्रम तोच, काना-मात्रेची कल्पना तीच. ज्या मुलीला कन्नड बाराखडी अर्थासह येते, तिला देवनागरी शिकावयास पहिल्याइतके कष्ट खचित पडत नाहींत. म्हणून आमची सूचना अशी कीं, पहिलींत व दुसरींत वाचन-लेखन कन्नडांत व्हावें. मराठी ह्या दोन वर्षांत कानानें यावी, गाणीं, गोष्टी, खेळ ह्यांतून. तिसरीच्या आरंभीं मराठीचें पुस्तक हातीं द्यावें, आणि कन्नड पुस्तक काढून घेऊं नये. चौथी-पांचवीपर्यंत दोन्ही दप्तरांत असावींत. ह्यास दोन्ही भाषा बोलणारे शिक्षक लागतील. ते त्याच तालुक्यांत मिळतील, आठवड्याच्या बाजारांत दोन्ही भाषांत घासाघीस करणारीं माणसें तेथें पुष्कळ आहेत. मात्र त्यांची नेमणूक त्याच तालुक्यांत व्हावी आणि ते तेथून लगोलग बदलले जाऊं नयेत, एवढें जिल्ह्याच्या ठिकाणीं बसलेल्या कोणीतरी पाहिलें पाहिजे.